उंदराचा गुडघा, नातीचा गुडघा

दुखण्याला आपल्याकडे एकच सल्ला असतो, "पडून राहा." ताप असो, कंबर धरलेली असो, नाहीतर हाड मोडलेलं असो. भेटायला येणारा प्रत्येक जण हातात काहीतरी घेऊन येतो (आमच्या जळगाव जिल्ह्यात ती केळीच असणार, हे वेगळं सांगायला नको) आणि उठताना बजावून जातो, "आता अजिबात हलायचं नाही बरं का!" सल्ला प्रेमाचा असतो, म्हणून कुणी त्याला प्रश्न विचारत नाही.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली आणि पुढे आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. विज्ञानाच्या तासाला मी कधी गेलेच तर ऑफ पिरियडला पोरं सांभाळायला. पण गेल्या वर्षी घरात गुडघ्याचं प्रकरण आलं आणि त्या निमित्ताने मी पुष्कळ वाचलं. नातवाने इंग्रजी लेख काढून दिले, अडलेल्या शब्दांना शब्दकोश होता, वेळ तर काय भरपूर! त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज सांगते.

माझी नात कबड्डी खेळते. चढाईत हात चांगला आहे, पायही चपळ आहे. जिल्ह्याच्या संघात होती. एका सामन्यात चढाई करून मागे वळताना पाऊल मातीत रुतलं, अंग वळलं आणि गुडघा तिथेच राहिला. कुणी धरलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. "आजी, आत काहीतरी 'टक्' झालं," एवढंच ती म्हणाली. एमआरआय केला तेव्हा कळलं, एसीएल तुटलं आहे. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून असतात, त्यातला हा पुढचा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून देवाने बांधलेली दोरी म्हणा. अशी दुखापत खेळणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, हेही मला तेव्हाच कळलं.

नाशिकला दूरबिणीतून ऑपरेशन झालं. तुटलेली दोरी शिवून भागत नाही, म्हणून मांडीच्या मागची कंडरा काढून घेतात, दोन्ही हाडांना बोगदा पाडतात आणि ती कंडरा त्यातून ओवून बसवतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "चल, पाय सरळ ठेवून मांडी आवळ. हं, आता टाच घसटत गुडघा वाकव." माझ्या सुनेचा जीव खालीवर! काल हाडाला भोकं पाडली आणि आज व्यायाम? घरी आल्यावर तर दोन पक्षच पडले. सून म्हणे, सहा आठवडे पलंगावरून उतरायचं नाही. शेजारचे अहिराणी बोलणारे आप्पा काठी टेकत यायचे आणि म्हणायचे, "नुसतं बसीसन काय व्हई?" आणि नात? तिच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती होती. तिला सहा महिन्यांत मैदानावर धावायचं होतं.

मग प्रश्न असा पडला, की यातलं खरं कोणाचं? आणि ते ठरवलं कोणी?

इतिहासाची बाई आहे, म्हणून आधी मागे गेले. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचे मोठे अस्थितज्ज्ञ होऊन गेले. त्यांचा मंत्र होता विश्रांती. तीही सक्तीची, अखंड आणि दीर्घ. त्याच काळात फ्रान्समध्ये ल्युका शांपियोनिएर सांगत होते, की मोडलेलं अवयवही लवकर हलवा, मालिश करा. म्हणजे आमच्या घरातली सून आणि आप्पा दीडशे वर्षांपूर्वीच युरोपात भांडून मोकळे झाले होते! त्यात थॉमस जिंकले. विसाव्या शतकाचा बराच काळ प्लास्टरचं राज्य होतं. आमच्या शाळेतले खो-खो शिकवणारे एक सर सायकलवरून पडले होते, त्यांचा पाय अडीच महिने प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर कापलं तेव्हा आतून तुरखाटीसारखा पाय निघाला. ते हसत म्हणाले, "हा माझा नव्हे, बदलून दिला वाटतं." गुडघा मात्र पुढे कधी पुरता वाकला नाही.

विश्रांतीने नेमकं काय होतं, हे माणसावर मोजता येत नाही. मोजायचं तर अस्थिबंध बाहेर काढून तुटेपर्यंत ओढावा लागतो. म्हणून ते जनावरांवर मोजलं गेलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक नॉइज यांनी ऱ्हीसस माकडांना आठ आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं आणि नंतर त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध यंत्रात ताणून पाहिले. तुटेपर्यंत ते जेवढा ओढा सहन करत, तो सुमारे ४० टक्क्यांनी घटला होता. आणि प्लास्टर काढल्यावर? पाच महिने मोकळं फिरूनही ताकद पूर्ण भरली नव्हती, वर्षभराने जवळपास भरली. आठ आठवड्यांच्या 'आरामा'ची फेड वर्षभर! हे वाचून मी सुनेला हाक मारली.

दुसरे गृहस्थ टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर. त्यांनी १९७०च्या सुमारास अगदी शाळकरी मुलासारखा सरळ प्रश्न विचारला. सांधा हलण्यासाठीच केलेला आहे, तर बरं होतानाही तो हलत का राहू नये? पण सतत हलवायला स्नायू थकतात. मग स्नायूंना सुट्टी देऊन यंत्राने पाय हलवला तर? त्यांनी सशांसाठी एक छोटं यंत्र केलं. त्यात सशाचा पाय ठेवला, की ते रात्रंदिवस हळूहळू गुडघा वाकवायचं आणि सरळ करायचं. गुडघ्यातल्या कूर्चेला मुद्दाम पाडलेली छोटी भोकं कशी भरतात ते त्यांनी पाहिलं. प्लास्टरमधल्या सशांमध्ये, आणि पिंजऱ्यात आपापल्या मर्जीने हालचाल करणाऱ्या सशांमध्येही, चांगली कूर्चा भरून आल्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होतं. यंत्रावरच्या सशांमध्ये ते निम्म्याच्या आसपास गेलं. १९८० साली हे छापून आलं. त्याआधीच, १९७८ साली, जॉन सॅरिंजर या इंजिनिअरच्या मदतीने माणसांसाठीही यंत्र तयार झालं होतं. त्याला सीपीएम म्हणतात. आपल्याकडेही ते भाड्याने मिळतं. लांबट पाळण्यासारखं दिसतं, पाय ठेवला की घर्र घर्र करत हलवत राहतं.

इथेच गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. गंमत पुढे आहे. माणसांवर नीट चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं, की गुडघा बदलल्यानंतर किंवा एसीएलच्या ऑपरेशननंतर हे यंत्र लावून फारसा जास्तीचा फायदा होत नाही. स्वतःचा स्वतः व्यायाम करणारा माणूसही तेवढाच बरा होतो. सशाच्या कूर्चेबद्दल जे खरं ठरलं, ते माणसाच्या दोरीबद्दल तसंच्या तसं खरं असेल असं नाही. फिजिओ मॅडमनी आम्हाला ते यंत्र घ्यायला सांगितलं नाही, ते का, हे मला तेव्हा उमगलं.

मग दोरीचं काय? तर दोरी तुटते कुठे, हे आधी बघायला हवं. आमच्या लहानपणी गिरणाकाठच्या मळ्यात मोट चालायची. मोटेचा नाडा मधे क्वचितच तुटायचा, तो जायचा गाठीपाशी. गुडघ्याचंही तसंच आहे. १९९३ साली न्यूयॉर्कच्या स्कॉट रोडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हाडात बोगदा पाडून त्यात कंडरा बसवली आणि ठरावीक आठवड्यांनी ओढून पाहिली. पहिले आठ आठवडे ती बोगद्यातूनच निसटायची. बारा आठवड्यांनंतर मात्र बोगद्याने तिला घट्ट धरलं, निसटायची बंद झाली. म्हणजे नवी दोरी कितीही जाड घाला, पहिले काही महिने प्रश्न गाठीचा असतो. ती गाठ हाड आणि कंडरा मिळून हळूहळू विणत असतात. शिवाय त्या काळात ती कंडराही आधी अशक्त होते, तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग कुठे ती अस्थिबंधासारखी होऊ लागते. माणसाला दुखणं कमी होतं, सूज उतरते, वाटतं झालो बरा! नेमकी तेव्हाच आत दोरी नाजूक असते.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग. गाठ विणली जात असताना तिच्यावर भार द्यावा की देऊ नये? द्यावा तर कधीपासून? हे उंदरावर शोधायचं ठरलं, पण अडचण अशी, की उंदराला सांगता येत नाही! "बाळा, दहा दिवस पाय टेकवू नकोस," असं त्याला कोण समजावणार? ऑपरेशनची गुंगी उतरली, की तो चार पायांवर पिंजऱ्यात पळायला लागतो. कधी लंगडतो, कधी उडी मारतो. कुणी किती भार दिला याचा हिशेबच लागत नाही.

म्हणून रोडिओ, टॉर्झिली आणि त्यांच्या मंडळींनी एक उपकरण तयार केलं. त्याचं वर्णन २०१० साली छापून आलं. उंदराच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक पिना बसवायच्या आणि बाहेरून एका दांडीने त्या जोडून टाकायच्या, म्हणजे गुडघा हलणारच नाही. मग ठरलेल्या वेळी उंदराला भूल द्यायची, दांडी काढायची, त्याच पिना यंत्राला जोडायच्या आणि मोटरने हाडावर ठरवलेला दाब ठरलेल्या वेळा द्यायचा. किती दाब पडला तो यंत्रच मोजतं. काम झालं की पुन्हा दांडी बसवायची, उंदीर पिंजऱ्यात. काहींना भार लगेच सुरू केला, काहींना चार दिवसांनी, काहींना दहा दिवसांनी, आणि काहींना दिलाच नाही. निष्कर्ष काय निघाला? लगेच भार दिलेल्यांपेक्षा आणि बांधूनच ठेवलेल्यांपेक्षा, थोडं थांबून मग भार दिलेल्यांची गाठ चांगली जुळली.

म्हणजे सूनही थोडी बरोबर, आप्पाही थोडे बरोबर. ऑपरेशननंतर आतला दाह जरा निवू द्यायचा आणि मग त्या नव्या गाठीला कामाची सवय लावायची. रोप लावल्या लावल्या हलवायचं नाही हे खरं, पण त्याला वारा लागूच दिला नाही तर खोड बळकट होत नाही, हेही तितकंच खरं.

इथे एक सावधगिरी. उंदराचे दहा दिवस म्हणजे माणसाचे दहा दिवस नव्हेत, आणि त्रैराशिक मांडून त्याचे माणसाचे दिवस काढता येत नाहीत. उंदीर चार पायांवर चालतो, त्याचा गुडघा कायम वाकलेला असतो. माणसाला पहिल्याच दिवसापासून पाय सरळ करायला लावतात, वॉकर धरून थोडा भार टाकायलाही बहुतेक ठिकाणी सांगतात, आणि ते माणसांच्या अनुभवावरून ठरलेलं आहे. तोही अनुभव मजेशीर! अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डॉक्टर शेलबोर्न यांच्या लक्षात आलं, की त्यांचे न ऐकणारे रुग्ण, जे सांगितल्यापेक्षा आधीच ब्रेस काढून चालायला लागले, ते ऐकणाऱ्यांपेक्षा लवकर आणि चांगले बरे झाले. त्यांनी रागावण्याऐवजी ते नोंदवलं, आणि १९९० साली नवी, वेगवान व्यायामपद्धत मांडली. वात्रट विद्यार्थ्याकडूनही शिकावं, हे मी शाळेत पुष्कळदा अनुभवलं आहे, डॉक्टर लोकही शिकतात हे वाचून बरं वाटलं.

पण हे वाचून दाखवल्यावर नात लगेच म्हणाली, "बघ आजी, न ऐकणारेच बरे होतात! आणि उंदराला दहा दिवस थांबवलं, मला नऊ महिने का?"

प्रश्न रास्त होता. चालणं वेगळं आणि चढाई वेगळी, हे तिला माझ्या तोंडून पटणार नव्हतं. म्हणून तिला २०१६चा एक अभ्यास दाखवला. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा. एसीएलच्या ऑपरेशननंतर वळणं, उड्या, धडका असलेल्या खेळात परतायला जितका उशीर, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका कमी. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक वाढीव महिन्यामागे तो सुमारे निम्म्याने घटत होता. नऊ महिन्यांनंतर मात्र आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मोबाईलवर तारखा मोजल्या. भरतीची मैदानी चाचणी सातव्या महिन्यात येत होती.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. मुलाचं म्हणणं, नुसतं सरळ तर धावायचं आहे, कबड्डी थोडीच खेळायची आहे? तेही अगदी खोटं नव्हतं. डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, तारीख बघून ठरवू नका, मांडी बघून ठरवा. दोन्ही मांड्यांची ताकद मोजू, एका पायावर उडी मारायला लावू, आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या जवळपास आली तरच पुढे. सातव्या महिन्यात मोजलं. नाही आली. तिने त्या वर्षीचा अर्ज भरला नाही. वय हातात आहे, पुढच्या वेळी भरेल. ती रडली नाही, पण तिचे स्पोर्ट शूज तिने स्वतःच पुसून खोक्यात ठेवले, ते मी पाहिलं.

हे सगळं चालू असताना माझ्या मनात दुसरंच काही घोळत होतं. तिने थांबावं हे आम्हाला सांगण्यासाठी किती माकडं, ससे, कुत्रे, उंदीर कामी आले! गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला आपण मोदक ठेवतो आणि धान्याच्या कोठीपाशी त्याच्यासाठीच विषाची गोळी. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर या दोन्हींत बसत नाही. त्याने आपलं काही खाल्लेलं नाही आणि त्याला काही मागताही येत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं बंद करा. मला तसं सहज म्हणता येत नाही. खानदेशात पावसाळ्यात शेतात साप चावला, की तालुक्याला नेऊन जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून निघते. मुंबईत १८९६-९७च्या प्लेगमध्ये हाफकिन यांनी लस तयार केली तेव्हा ती आधी सशांना दिली आणि मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ज्या घरातला माणूस त्या सुईने वाचला, त्या घराने 'जनावरांवर प्रयोग नकोत' हे वाक्य जरा अडखळतच म्हणायला हवं.

पण म्हणून हिशेब मिटत नाही. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०चा आहे. त्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेला आग्रह होता. त्या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही, पण देखरेखीसाठी समितीची तरतूद केली. भूल द्या, वेदना टाळा, दुसऱ्या मार्गाने भागत असेल तर जनावर वापरू नका, असा त्याचा रोख आहे. त्याआधी एकच वर्ष, १९५९ साली, इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. जनावराऐवजी दुसरं काही वापरता आलं तर वापरा, संख्या कमी करा, आणि त्रास कमी करा. त्या दृष्टीने पाहिलं तर उंदराच्या पायाचं ते उपकरण मला निराळंच दिसतं. भार जितका नेमका मोजता येईल, तितके थोडे उंदीर लागतील. ढिसाळ प्रयोग हा सगळ्यात क्रूर, कारण त्यातलं जनावर फुकट जातं.

जपानमध्ये विद्यापीठांत अशा प्राण्यांसाठी दरवर्षी स्मरणविधी करतात. रशियात नोव्होसिबिर्स्कला २०१३ साली प्रयोगशाळेतल्या उंदराचा पुतळा उभारला, चष्मा लावून बसलेला आणि सुयांवर डीएनएची साखळी विणणारा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे पोळा आहे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळायचे, दुसऱ्या दिवशी जू ठेवायचं नाही, पुरणपोळी आधी त्याला. वर्षभर राबवून घेतलं त्याची कबुली एक दिवस तरी द्यायची, एवढं शहाणपण आमच्या निरक्षर आजोबा-पणजोबांना होतं.

या पोळ्याला मी मातीच्या बैलांशेजारी कणकेचा एक उंदीर करून ठेवला. सून म्हणाली, "आई, हे काय नवीनच?" मी म्हटलं, "राहू दे." नातीने काही विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. आता तिचा दहावा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात एका पायावरच्या उडीची चाचणी पुन्हा झाली, आता फरक थोडाच उरला आहे. संध्याकाळी गच्चीवर ती भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखी बसते, मांड्या थरथरतात, आणि मी खाली भाजी निवडत मोठ्याने आकडे मोजते. कधी मुद्दाम सावकाश मोजते, मग ती वरून ओरडते, "आजी, नीट मोज ना!"